न मागता टाकलेला फासा

वरच्या लेव्हलची मोहीम कशी चालवायची, एवढंच विचारायला तुम्ही हे जिने चढून आलात, तर बसा. दिवा जरा अलीकडे ओढते. दिवसभर खाली दुकानात लोकांच्या डोळ्यांत बघायची सवय, समोरच्याचं तोंड दिसल्याशिवाय मला बोलता येत नाही. आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तुमच्या टेबलावरचे खेळाडू डोईजड झालेत ना?

होतातच. सुरुवातीला सगळं कसं छान असतं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. ‘समोर अंधारी गुहा आहे, तू काय करतोस?’ असं विचारायचं, त्यानं सांगायचं, आणि ते जमतं की फसतं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. पहिल्या लेव्हलला मोठा उंदीर आला तरी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. मग वर्षं जातात, माणसं शिकतात, लढतात, वर चढतात. विसाव्या लेव्हलला तीच माणसं डोंगर उचलून बाजूला ठेवतात, एका शब्दात समुद्रापार जातात आणि मेलेल्याला हाताला धरून उठवतात. आता यांना गुहा दाखवून काय उपयोग? गोष्ट सांगणारा, म्हणजे गेम मास्टर, नवा असला की इथेच घाबरतो. भिंती जाड करतो, ‘इथे जादू चालत नाही’ म्हणून सांगतो, दिलेलं काढून घेतो. तसं करू नका. ज्याला आपणच इतकी वर्षं कमवू दिलं, त्याच्या पुढ्यातलं ताट ओढायचं नाही. वरच्या लेव्हलला ‘नाही’ म्हणायचं नसतं. ‘हो, पण किंमत काय देशील?’ असं विचारायचं असतं.

हे मला माझ्या दादानं शिकवलं. आणि ही शिकवण पाळताना, एका रविवारी दुपारी, याच खोलीत, मी माझ्या वहिनीला गमावून बसले असते.

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी चष्मे विकते. कुणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावरून वाद घालणं मी केव्हाच सोडलंय.

तेव्हा आमचं टेबल पाच जणांचं होतं. मी गोष्ट सांगायची. दादा जादूगार. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा; नखांत कायम काळं ग्रीस, आणि त्याच्या फाशाच्या आकड्यांच्या खाचांतही तेच ग्रीस. वहिनी त्याच्या शेजारी, ती साध्वी, जखमा बऱ्या करणारी. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. घरी मुंगी मारत नसतील, इथे हातात कुऱ्हाड घेतलेले योद्धा. आणि सिस्टर, मोठ्या दवाखान्यातली नर्स. ती चोर. आठवडाभर इतकं सरळ वागावं लागतं की रविवारी चार खिसे कापल्याशिवाय बरंच वाटत नाही, असं ती म्हणायची.

दादाचं नशीब हा आमच्या टेबलावरचा कायमचा विनोद होता. त्याच्या हातून फासा सुटला की एक. वीस तर सोडाच, दहाच्या वर गेला तरी आम्ही टाळ्या वाजवायचो. अख्खं शहर जाळून टाकू शकेल असा जादूगार, आणि साधं दार उघडताना बोट चेमटून घ्यायचा. “ज्याच्या हाती लिफ्टची दोरी, त्याला वर कोण नेणार?” असं म्हणून स्वतःच खोखो हसायचा.

टेबलाचे नियम त्यानंच घालून दिलेले. एकाची टर्न पुकारली की तो ‘झालं’ म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. वरच्या लेव्हलला एकेका टर्नमध्ये माणूस काळ थांबवतो, आकाशातून तारे ओढतो. मध्येच कुणी शहाणपण शिकवलं की सगळा विचका. आणि मी मागितल्याशिवाय फासा टाकायचा नाही. हा नियम खास मास्तरांसाठी. त्यांना उगीच फासा घोळवत बसायची खोड, आणि चांगला आकडा पडला की “हा धरा ना, हा धरा ना” म्हणून लाडीगोडी. दादा एकदा वैतागून म्हणाला होता, न मागता टाकलेला फासा बाद, मग तो देवानं टाकलेला असला तरी.

मग एका उन्हाळ्यात दादा कामावर गेला आणि लिफ्टच्या डक्टमध्ये पडला. सिस्टर त्या दिवशी ड्युटीवर होती. त्याबद्दल मी आणखी काही सांगणार नाही.

खोलीला कुलूप लागलं. हिवाळा लागता लागता एक दिवस वहिनी दुकानात आली, काउंटरवर हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “वन्सं, मोहीम अर्धी राहिलीय.”

एरवी आम्ही दोघी एकमेकींना अगं-तुगं करतो. ‘वन्सं’ आणि ‘अहो-जाहो’ फक्त टेबलावर, मला चिडवायला. त्या दिवशी ती चिडवत नव्हती.

“राहू दे. नवी सुरू करू कधीतरी,” मी म्हटलं.

“जादूगार कुठे आहे?”

मी हातातल्या काचा पुसत राहिले. “झोपलाय. नकाशाच्या कडेला.”

“मेला म्हण ना. का म्हणत नाहीस?”

“वहिनी...”

“कारण मेला म्हणालीस तर माझ्याकडे मंत्र आहे. मेलेल्याला उठवायचा. तूच दिलास, विसाव्या लेव्हलला. आता काढून घेणार आहेस?”

खेळात कुणी मेलं की परत आणता येतं, हे इतकी वर्षं मीच सांगत आले होते. तिच्या डोळ्यांत वेड नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. डोळे मला कळतात. तिला माहीत होतं की हा खेळ आहे. तिला फक्त एकदा त्याला उठवायचं होतं. आणि खरं बोलायचं तर मलाही तेच हवं होतं. गोष्टीत का होईना, माझा दादा उठून बसावा, ‘बारके, चहा टाक’ म्हणावा.

म्हणून मी ‘हो’ म्हटलं, आणि किंमत ठरवली. मी ठरवलं की तिघं खाली, मेलेल्यांच्या मुलखात जातील. तिथे एक दार असेल, दाराशी द्वारपाल. तो म्हणेल, एकाला वर न्यायचं तर एकानं इथे राहायचं. साध्वी राहील, वहिनीचा स्वभाव मला ठाऊक होता. दाराशी दोघांची गाठ पडेल. त्याची वाक्यं मी बोलेन. ती रडेल, तिला जे बोलायचं राहिलंय ते बोलेल, आणि मोहीम संपेल. निरोप घ्यायला तिला जागाच मिळाली नव्हती. तेवढी एक जागा मला तिला बांधून द्यायची होती. किंमत काय, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. कुठे लिहिलंही नव्हतं.

तो रविवार आला. हीटरची वायर बदलायची होती म्हणून मी जेवण उरकून लगेच वर आले. बाहेर सकाळपासून धुकं होतं, समोरच्या बेकरीचा दिवासुद्धा दिसत नव्हता. रस्ता खालीच होता, पण त्याचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा येत होता. मी वायर जोडली, कॉइल लाल झाली, टेबल पुसलं, नकाशा पसरला. शिशाचे अंगठ्याएवढे पुतळे मांडले. जादूगाराचा पुतळा हातात घेतला तेव्हा वाटलं, नको, आज नकोच. पण जिन्यावर पावलं वाजली आणि मी तो कडेला ठेवून दिला.

वहिनी माझ्या डाव्या हाताला बसली, नेहमीसारखी. तिच्या पलीकडे दादाची खुर्ची. तिनं पर्समधून त्याचा फासा काढला आणि त्या खुर्चीसमोर ठेवला. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनं खाली पाहिलं.

खेळ छान चालला होता, हे सांगितलं पाहिजे. मास्तरांनी तीन तोंडांचा कुत्रा आडवा केला, सिस्टरनं एका मेलेल्या राजाचा मुकुट लंपास केला, वहिनीसुद्धा हसली. मग तिघं दाराशी पोचली. मी द्वारपालाला उठवलं. आता क्रमानं एकेकाची टर्न. तो क्रम माझ्या जिभेवर इतका बसलाय की झोपेतही म्हणेन. “सिस्टर,” मी म्हटलं. तिनं आपली चाल सांगितली. झालं. “मास्तर.” त्यांनी सांगितली. झालं.

“दादा.”

तोंडातून शब्द गेला. मी जीभ चावली, पण हात लावला की चाल झाली, तसं आमच्याकडे पुकारली की टर्न झाली. आणि टर्न पुकारली की गप्प बसायचं. सवयच ती. चौघंही गप्प बसलो. मला म्हणता आलं असतं, ‘चुकलं, पुढे चला.’ दोन शब्दांचं काम. पण कुणालाच त्याची टर्न ओलांडून जाववेना. हीटरची कॉइल बारीक किणकिणत होती. खिडकीला धुकं टेकलं होतं.

आणि फासा हलला.

कुणाचा धक्का नाही, टेबल हललं नाही. हातातून सुटल्यासारखा तो घरंगळत नकाशावर आला, एका कोपऱ्यावर क्षणभर उभा राहिला, विचार केल्यासारखा, आणि पडला.

वीस.

मास्तरांच्या घशातून कसलासा आवाज आला. सिस्टरनं दोन्ही हात तोंडावर घेतले. खोलीत ग्रीसचा वास येत होता. तो वास मला आवडायचा, मी लहानपणापासून त्या वासाच्या मागे मागे फिरलेय. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, बंद तळघरात साठलेल्या पाण्याचा.

“तू आहेस?” वहिनीनं विचारलं. इतक्या हळू, की मला तिच्या ओठांवरून कळलं.

फासा उचलला गेला नाही. जागच्या जागी कलंडला, घरंगळला, थांबला. वीस.

“तूच ना?”

वीस.

“हे... हे बसत नाही,” मास्तर पुटपुटले. “गणितात बसत नाही हे...”

“मी स्वतः पाहिलंय त्याला,” सिस्टर म्हणाली. “मी स्वतः... चादर मीच ओढली होती...”

मी वहिनीचा दंड धरून कानाशी म्हटलं, “दादाला कधी वीस पडलेत का गं? कधी?”

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. इतक्या महिन्यांत तो तसा पाहिला नव्हता, आणि तो तसा राहावा म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं. “तिकडे गेल्यावर तरी नशीब उघडलं असेल की,” ती म्हणाली.

हसावं की रडावं कळेना. पण गेम मास्टर म्हणून इतकी वर्षं काढलीत. समोरचा खेळतोय की नुसता जिंकतोय, हे मला कळतं. खेळणारा कधी कधी हरतो. जो प्रत्येक वेळी वीस टाकतो तो खेळायला आलेला नसतो.

“काय द्यायचं?” वहिनी त्या खुर्चीला विचारत होती. “तुला आणायला काय द्यायचं, सांग...”

नकाशावर खरखर झाली. साध्वीचा पुतळा, तिचा, आपोआप सरकत दाराच्या चौकोनात जाऊन उभा राहिला. कडेचा जादूगार हळूहळू वळला आणि बाहेरच्या बाजूला तोंड करून थांबला. एक आत, एक बाहेर.

ती किंमत माझ्या डोक्याबाहेर कधीच पडली नव्हती.

“असं होय,” वहिनी म्हणाली. अगदी शांतपणे, भाजीचा भाव पटल्यासारखी. “मी तिथे. तो इथे.”

वीस.

आणि खोली खाली जाऊ लागली.

तुम्ही लिफ्टमध्ये उभे असता, ती सुटते, आणि पोट एक क्षण वरच राहतं, तसं झालं. मी खिडकीकडे पाहिलं. धुकं काचेवरून वर चाललं होतं. एकसारखं, संथ, न थांबता, वर वर वर. म्हणजे आम्ही खाली चाललो होतो. टेबल, हीटर, भिंतीवरचा डोळे तपासायचा जुना तक्ता, सगळं घेऊन. कॉइल विझत काळी पडली. वहिनीच्या तोंडातून वाफ निघाली. माझ्या तोंडातून नाही, फक्त तिच्या. दादाची खुर्ची तिच्या बाजूला वळली होती. ती कधी वळली, कुणी पाहिलं नव्हतं.

“मी राहते,” वहिनी म्हणाली.

आता एकच शब्द उरला होता. ‘झालं’ म्हटलं की टर्न संपते, आणि संपलेली टर्न आमच्या टेबलावर कुणालाच परत घेता येत नाही. तिचे ओठ त्या शब्दासाठी उघडायला लागले.

माझी पाचावर धारण बसली होती, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीच्याही वर काहीतरी चढलं. राग. असा राग की कानशिलं तापली. माझी खोली, माझं टेबल, मी रचलेली किंमत, एका बाईनं दुसऱ्या बाईच्या दुःखासाठी रचलेली, आणि कुणी तरी आयत्या बिळावर नागोबा होऊन त्या खुर्चीत येऊन बसलंय! मी उठले. एका हातानं वहिनीचा उजवा हात पकडला, दुसरा टेबलावर आपटला.

“थांब!”

टर्न चालू असताना मी आयुष्यात पहिल्यांदा असं मोठ्यानं तोंड उघडलं होतं. धुकं वर जातच होतं.

“ए,” मी त्या खुर्चीला म्हटलं. “तुझ्याशी बोलतेय मी. कोण आहेस मला माहीत नाही. पण या टेबलावर बसलास तर या टेबलाचे नियम तुलाही आहेत. मी फासा मागितला होता? मागितला होता का मी? मास्तर, मी फासा मागितला?”

“ना... नाही,” मास्तर म्हणाले. त्यांची बोबडी वळली होती, पण वर्गातल्या पोराला पकडल्यासारखं ते पुढे बोलले, “अजिबात नाही मागितला.”

“मग बाद. पहिला बाद, दुसरा बाद, सगळे बाद. न मागता टाकलेला फासा या घरात धरत नाहीत. देवानं टाकला तरी नाही.”

ग्रीसचा वास एकदम गेला. उरला नुसता दुसरा, साठलेल्या पाण्याचा. वहिनीचा हात माझ्या हातात बर्फासारखा होत चालला होता.

“सोड गं,” ती कळवळून म्हणाली. “तो जाईल ना... सोड मला...”

“नाही सोडणार. हं, आता मागते. द्वारपालासमोर उभा आहेस, दारातून बाहेर यायचंय तुला. टाक फासा. मी सांगते म्हणून टाक.”

बराच वेळ काहीच झालं नाही. खोली खाली जात राहिली. मग फासा हलला. या वेळी तो घरंगळला नाही. आधी जागच्या जागी थरथरला, जसा दादा मुठीत घेऊन, त्यावर फुंकर घालून, उगीच लांबण लावून टाकायचा. टेबलाच्या कडेपर्यंत गेला, पडता पडता राहिला, परत फिरला आणि थांबला.

एक.

वहिनी किंचाळली. “तोच आहे! बघ, बघ, तोच आहे गं! आता तरी...”

माझं काळीज फाटलं. हे मी साध्या शब्दांत सांगते, कारण दुसरे शब्द नाहीत. तो आकडा मी ओळखला. जगात त्या माणसाशिवाय कुणी तो तसा टाकला नसता. किंवा ज्यानं टाकला त्याला माझं काळीज कुठे फाटतं ते बरोबर ठाऊक होतं. यातलं कुठलं खरं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण एक म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. पहिली लेव्हल असो की विसावी, कुणी कितीही मोठा असो, एक म्हणजे फसलं.

“फसलं,” मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. “दादा, तू असशील तर तुला कळेल. नसशील तर खड्ड्यात जा. माझी वहिनी मी कुणालाही द्यायची नाही. तुलासुद्धा नाही.”

मी मोकळ्या हातानं जादूगाराचा पुतळा आडवा केला. इतके महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते म्हटलं. “जादूगार मेला. टर्न संपली. वहिनीची टर्न मी पुकारलेलीच नाही, तेव्हा ती जे बोलली तेही बाद. मास्तर, तुमची टर्न. काय करता?”

मास्तर उभे राहिले. साठीला आलेला माणूस, स्वेटरवर खडूची पूड. “मी... मी दार लावतो,” ते म्हणाले. मग मोठ्यानं, “अंगातली सगळी ताकद लावून लावतो!”

“टाका.”

त्यांनी टाकला. सात पडला. विसाव्या लेव्हलच्या योद्ध्याला एक दार ओढायला सात पुरतात.

“लागलं,” मी म्हटलं.

“झालं!” मास्तर ओरडले.

खोलीला हिसका बसला. कपाटातल्या काचा खणखणल्या, सिस्टर खुर्चीवरून खाली पडली. कॉइल लाल झाली. मी खिडकीकडे पाहिलं. धुकं काचेला टेकून उभं होतं, जिथल्या तिथे. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. इतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

वहिनी टेबलावर डोकं टेकून रडत होती. मी तिचा हात सोडला तेव्हा त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले होते. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “तू त्याला दुसऱ्यांदा मारलंस.”

“हो,” मी म्हटलं. “मारलं. परत आला तर परत मारीन.”

बरेच आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या दारात डबा ठेवून यायची, ती तो धुऊन दुकानाच्या पायरीवर ठेवून जायची. लोक म्हणाले, खेळच बंद करा, ही खोली भाड्यानं द्या. का म्हणून? भ्यायचं ते माझ्याच घरात? पुढच्याच रविवारी मास्तर, सिस्टर आणि मी इथेच बसलो. वरच्या लेव्हललाच खेळलो. मास्तर दर दहा मिनिटांनी खिडकीकडे बघत होते, पण खेळलो.

मग एक दिवस, दुपारची गिऱ्हाइकं आटोपल्यावर, वहिनी आली. काउंटरच्या आत येऊन माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली. बारीक झाली होती, पण डोळे स्वच्छ होते. “तुझ्यावर रागवायचं होतं तेवढं रागवून झालं,” ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. दोघी रडलो, नाक पुसलं, हसलो. मध्येच आलेल्या एका म्हाताऱ्याला चुकून दुसऱ्याचा चष्मा दिला.

“एक विचारू?” ती नंतर म्हणाली. “त्या दिवशी तू माझे दोन्ही हात इतके घट्ट कशाला धरलेस?”

“दोन्ही कुठे?” मी म्हटलं. “उजवा धरला होता. माझा दुसरा हात टेबलावर होता. त्याच हातानं पुतळा नाही का आडवा केला?”

त्या क्षणी मास्तर टेबलाच्या पलीकडे होते. सिस्टरचे हात तोंडावर होते. हे आम्ही दोघींनी मनातल्या मनात मोजलं असावं, कारण पुढचं ती अगदी हळू बोलली.

“उजवा तू सोडलास... डावा अजून कुणी सोडलेला नाही.”

मी पाहिलं. तिचा डावा हात मांडीवर होता. बोटं अर्धी मिटलेली, गर्दीत कुणाचा हात धरल्यावर असतात तशी.

“ओढतो?” मी विचारलं.

“नाही. नुसता धरलाय.”

“ऊबदार आहे की गार?”

तिनं बोटं थोडी आणखी मिटली. मी पुन्हा विचारलं नाही. स्टूल उचललं, फेरा घालून तिच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि तिचा उजवा हात माझ्या हातात घेतला. “बरं,” मी म्हटलं, तिला नव्हे, तिच्या पलीकडे बघून. “धरायचा तर धर. मीही धरलाय. बघू कोण आधी दमतं.”

तेव्हापासून हे असं आहे. रस्त्यानं जाताना मी तिच्या उजव्या हाताला. टेबलावर मी तिच्या उजव्या हाताला. तिच्या घरी माझी खाटसुद्धा मी उजव्या बाजूला लावलीय. माझा खांदा दुखतो, वय होतंय, पण मी हात काढून घेत नाही.

ही बघा, जिन्यावर तिचीच पावलं. आता तुमच्याशी अगदी गोड बोलेल, विनोद करेल, तुमच्या खेळाडूंना कसं सरळ करायचं तेही सांगेल. मजेत असते ती हल्ली. घाबरू नका. फक्त ती दार कसं उघडते तेवढं बघा. एक फळी तिला पुरते, पण ती दोन्ही उघडते, आत येते, आणि लावण्याआधी जरा थांबते.

सरका बरं थोडे. तिच्या उजव्या बाजूला मला बसायचंय.